पायाखालची भुई

दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायचे ठरले की अलीकडे गोष्ट रंगापाशी थांबत नाही. ‘त्याबरोबर फरशीही बदलून टाकू’ असे घरातील कोणीतरी सुचवते आणि तीस-चाळीस वर्षे इमानाने सेवा केलेली शहाबादी पहारीच्या घावांनी उखडली जाते. नंदुरबार तालुक्यातील रनाळ्यासारख्या गावांपर्यंत ही लाट पोहोचली आहे. तिच्या मागोमाग आता ‘पर्यावरणपूरक’ हा शब्दही दुकानात आला आहे. तो कसा पारखावा?

चकाकणारी व्हिट्रिफाइड फरशी सुमारे १२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली जाते. देशातील अशा फरशांचे सर्वांत मोठे केंद्र सौराष्ट्रातील मोरबी. तेथील भट्ट्यांसाठी कोळशापासून वायू तयार करणारी संयंत्रे परिसराची हवा व पाणी इतके बिघडवू लागली की मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर भट्ट्या नैसर्गिक वायूकडे वळल्या, हे मान्य. पण भाजणे संपले नाही.

मग नैसर्गिक दगड घ्यावा, असे वाटणे साहजिक आहे. शहाबादी वा कोटा भट्टीत जात नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. परंतु नकाशा उघडून पाहावा. मोरबी गुजरातेत, शहाबाद कर्नाटकात, कोटा राजस्थानात. रस्त्याने तिन्ही ठिकाणे रनाळ्यापासून पाचशे किलोमीटरांहून दूर आहेत. तेव्हा ‘आपला दगड’ म्हणताना थोडे जपूनच म्हणावे.

खऱ्या अर्थाने आपली होती ती मातीची भुई. खानदेशातील धाब्याच्या घरात मुरूम पसरून, माती भिजवून, चोपून भुई करीत आणि शेणाने सारवीत. वैशाखाच्या उन्हात तिचा गारवा ज्यांनी अनुभवला, ते आजही तिच्या आठवणीने हळवे होतात. हळवे होणाऱ्यांत पुरुषच अधिक, हेही ध्यानात घ्यावे. पोतेरे हाती घेऊन, गुडघ्यांवर बसून दर चार-आठ दिवसांनी सारवणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते. शिवाय प्रश्न आरोग्याचाही आहे. मेक्सिकोतील कोआउइला राज्यात २००० साली मातीच्या भुईवर सिमेंटचा कोबा घालून देण्याची सरकारी योजना सुरू झाली. तिच्या परिणामांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला; घराची संपूर्ण भुई बदलली तेथे लहान मुलांमधील जंतांचा प्रादुर्भाव ७८ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. म्हणून २५ चौरस मीटरच्या घरकुलात प्रथमच कोबा घालणाऱ्या कुटुंबाला पर्यावरणाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. संयम पाळायचा तो ज्यांच्या घरात धडधाकट फरशी आहे त्यांनी.

मातीचा मार्ग मात्र संपलेला नाही. आफ्रिकेतील रवांडात मुरूम, वाळू व चिकणमाती यांचे थर ठोकून बसवतात आणि वर जवसाच्या तेलाचा लेप देतात. अशी भुई धुता येते, रोज सारवावी लागत नाही. जवस आपल्याकडेही पिकते. एखाद्या हिकमती गवंड्याने ओसरीपुरता हा प्रयोग करून पाहण्यास काय हरकत आहे?

मधला मार्गही जुनाच आहे. १९२२ मध्ये मुंबईत सिधवा काका-पुतण्यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने ‘भारत टाइल्स’ सुरू केली. सिमेंटच्या त्या रंगीत, नक्षीदार फरश्या भट्टीत भाजत नाहीत. दाबयंत्राखाली दाबून पाण्यावर पक्क्या करतात. सिमेंटला लागणारा कोळसा त्यांच्याही हिशेबात धरावा लागतो. पण एकदा बसल्या की त्या दोन पिढ्या हलत नाहीत, आणि हिशेबात सर्वांत जड पारडे आयुष्याचेच असते. जी फरशी दहा वर्षांत जुनी वाटून फेकली जाते, ती कोणत्याही कारखान्यातून आली तरी महागच पडते.

या हिशेबाने रनाळ्यातील पहिली पसंती ठरते ती आधीच बसलेल्या फरशीला. शहाबादी काळवंडली असेल तर ती यंत्राने घासून घेता येते, मोकळे झालेले सांधे भरता येतात, फुटलेला एखादा तुकडा बदलता येतो. खोली वाढवायची असल्यास निघालेली फरशी न्हाणीत, ओट्यावर, गोठ्यात पुन्हा बसते. ओल्या चकचकीत फरशीवर आजीचा पाय घसरण्याची भीती तिच्यावर कमी. अंगण तर उघडेच राहू द्यावे. पावसाचे पाणी मुरायला घरात तेवढीच जागा उरली आहे. घासाईला किती खर्च येईल, हे पहार उचलण्यापूर्वी गवंड्याला विचारावे. दुकानदार ते आपणहून सांगणार नाही.