उपकार नको, नियम हवा

(पोस्ट जरा मोठी झाली आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण शिव्या घालायच्या असतील तर पूर्ण वाचून घाला.)

थंडी पडली की आमच्याकडे रस्त्याच्या कडेला तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. लुधियानाचा माल, भाव एकच, घासाघीस नाही. परवा मुलीसाठी स्वेटर घ्यायला गेलो. दुकानातली ताई आपल्या गोंदिया जिल्ह्यातलीच. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची. ती तिथे जन्मलेली. बोलणं अगदी आपल्यासारखं, 'काहून' आणि 'हो जी' सकट.

पत्रकाराची खोड, विचारलं, "कागदपत्रं कोणती असतात तुमच्याकडे?"

"आरसी असते ना दादा. परदेशी म्हणून नोंदणीचं सर्टिफिकेट. मुदत संपली की पुन्हा करायचं." मग म्हणाली, "माझा मोठा भाऊ १९८५ चा, मी १९९० ची. तो भारतीय, मी परदेशी."

मी घरी येऊन कायदा पाहिला. बरोबर आहे तिचं. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याचे आईवडील दोघंही परदेशी असतील, तर तो परदेशी. आणि भावाला तरी कुठे सहज मिळालं? तिबेटींना हा नियम लागू होतो हे सरकारी यंत्रणेला पटायला २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागला. एका घरातली दोन भावंडं, दोन देशांची.

ही गोष्ट सांगायचं कारण, सध्या रोज टीव्हीवर 'घुसखोर' हा शब्द ऐकतो आपण. व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. पण एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. जीव वाचवायला पळून आलेला माणूस आणि चोरून आत शिरलेला माणूस, यांच्यातला फरक आपला कायदा कसा ओळखतो?

उत्तर असं की ओळखतच नाही. भारताने १९५१ च्या जागतिक निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि स्वतःचा निर्वासित कायदाही केलेला नाही. इतकी वर्षं १९४६ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला, विदेशी व्यक्ती कायदा चालला. २०२५ मध्ये नवा कायदा आला, त्यातही 'निर्वासित' कोण याची व्याख्या नाही. कायद्याच्या लेखी सगळे फक्त 'विदेशी'.

मग कोण राहणार, कोण जाणार हे कसं ठरतं? आदेशांवर. १९५९ ला दलाई लामा आले, नेहरूंनी आसरा दिला, वसाहती उभ्या राहिल्या. चांगलंच झालं. श्रीलंकेतले तमिळ १९८३ नंतर आले, ते आजही हजारोंच्या संख्येने तमिळनाडूतल्या छावण्यांत आहेत. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट मिळाली, पण श्रीलंकेतला तमिळ हिंदू त्यात बसत नाही, कारण त्याचा देश यादीत नाही. तिबेटी बौद्धही बसत नाही, कारण तेच. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, नव्या कायद्यासोबत सवलतीचा आदेश निघाला. अमुक लोक, अमुक तारखेपर्यंत आले असतील तर शिक्षा नाही. यादी थोडी वाढली. पण आदेशच तो. आज निघाला, उद्या दुसरा निघेल.

आता कुणी म्हणेल, पत्रकार साहेबांना हिंदूंना आसरा दिलेला बघवत नाही. अजिबात तसं नाही. नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं वर्षानुवर्षं व्हिसा वाढवत राहिली. त्यांना नागरिकत्व मिळतंय याचा मला आनंदच आहे. माझं म्हणणं एवढंच की आसरा देताना पहिला प्रश्न 'तुझा धर्म काय, देश कोणता' हा नको. पहिला प्रश्न हवा, 'परत पाठवलं तर तुझं काय होईल?'

ऑक्टोबर २०१८ मध्ये आसाममधून सात रोहिंग्यांना म्यानमारला परत पाठवलं. त्याच्या एकच वर्ष आधी तिथल्या लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले होते. त्याच म्यानमारमध्ये २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली तेव्हा चिन लोक मिझोराममध्ये आले. केंद्राचं पत्र होतं, येऊ देऊ नका. मिझोरामने ऐकलं नाही. चर्चने, गावांनी, राज्य सरकारने त्यांना ठेवून घेतलं, कारण ते आपल्याच रक्ताचे आहेत असं मिझो मानतात. म्हणजे ज्याचे नातेवाईक सीमेच्या अलीकडे आहेत तो वाचला. ज्याचं इकडे कुणी नाही, त्याचं काय?

मला हे बोलायचा हक्क किती आहे, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रात्री फोन आला, दोन बांगलादेशी पकडले. मी पडताळणी न करता बातमी दिली. मथळ्यात 'संशयित' शब्द होता, पण लहान अक्षरात. फोटोही दिला. तिसऱ्या दिवशी कळलं, पोरं गडचिरोली जिल्ह्यातली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनेच तिथे चामोर्शी, मुलचेरा भागात जमीन देऊन वसवलं होतं, त्यांचे हे नातू. भांडी विकायला फिरत होते. खुलासा आतल्या पानावर छापला, चार ओळींचा. त्यातला एक जण नंतर चहाच्या टपरीवर भेटला. म्हणाला, "सर, आमच्या आजोबांना सरकारने आणलं होतं. आम्हाला तुम्ही एका दिवसात परत पाठवलं."

तेव्हापासून 'घुसखोर' हा शब्द टाइप करताना माझा हात थांबतो.

विरोधी बाजूचं म्हणणंही खोटं नाही. सीमा उघडी ठेवता येत नाही. जमीन, रोजगार, रेशन यांवर ताण येतो. कोण कुठून आला हे सरकारला माहीत असलंच पाहिजे. पण भाऊ, ते माहीत होण्यासाठीच कायदा लागतो ना! अर्ज घ्या, चौकशी करा, सहा महिन्यांत निकाल द्या. खरा असेल तर राहू द्या, काम करू द्या. खोटा असेल तर, अपील संपल्यावर, परत पाठवा. आज होतं काय, तर खरा माणूस भीतीने लपतो आणि लबाड माणूस दलालाला पैसे देऊन आधार काढतो. अशाने देश सुरक्षित होतो का?

आपलं संविधान याबाबत सरकारपेक्षा मोकळं आहे. कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क 'व्यक्ती'ला आहे, फक्त नागरिकाला नाही. चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच धरून त्यांच्या जिवाचं रक्षण करा असं अरुणाचल सरकारला बजावलं. पण २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांची परतपाठवणी थांबवायला नकार दिला. एवढंच म्हटलं की रीतसर प्रक्रिया पाळा. न्यायालयं कधी हात देतात, कधी नाही. म्हणून संसदेने नियम करावा. शशी थरूर यांनी आश्रयाबद्दलचं खाजगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे गेलं नाही. आधी केंद्रात काँग्रेस असतानाही कायदा झाला नव्हता, हेही लिहून ठेवतो, नाहीतर पक्षाचा शिक्का लागेल.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला वंदन केलं. आपली छाती फुगली, फुगायलाच हवी. पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या आसऱ्याचा अभिमान आणि आज दारात उभ्या माणसाला फक्त 'विदेशी' म्हणणं, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

स्वेटर घेतला. निघताना ताईंना म्हटलं, "पुढच्या वर्षी येणार ना?" त्या म्हणाल्या, "आरसी रिन्यू झाली की येऊ."

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कारण लिहा, मी वाचतो.