अभ्यंगाचे पॅकेज आणि वैद्याचे नाव

गेल्या ज्येष्ठात एका पर्यटन निवासाचे माहितीपत्रक माझ्या चिकित्सालयात टपालाने आले. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर पावसात भिजलेले भातखाचर, आणि आत एकूण अकरा पॅकेजे. ‘वर्षा पंचकर्म : दोन रात्री, तीन दिवस’, ‘नवदांपत्य शिरोधारा’, ‘मधुमेहमुक्ती सप्ताहांत’, ‘चॉकलेट अभ्यंग’ आणि अशीच आणखी काही. शेवटच्या पानावर एका वैद्यबंधूंचे हसतमुख छायाचित्र होते. सोबतच्या पत्रात व्यवस्थापकांनी कळविले होते की, छायाचित्रातील वैद्य यंदा उपलब्ध नाहीत. तरी त्या जागी आपले नाव व छायाचित्र घातल्यास चालेल काय? मानधनाचा आकडाही दिलेला होता आणि तो वाईट नव्हता.

पत्रक वाचून प्रथम हसू आले आणि पाठोपाठ ओशाळल्यासारखे झाले. कारण २०२२ च्या पावसाळ्यात अशाच एका पत्रकावर माझे स्वतःचे नाव छापले गेले होते. त्या अनुभवाबद्दल आणि त्यानंतर बनलेल्या मताबद्दल या अंकाच्या निमित्ताने लिहावे असे वाटले.

या विषयावर आपल्या वैद्यवर्गात दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, स्पा म्हणजे शास्त्राची विटंबना. वैद्याने त्या दारातही उभे राहू नये. दुसरा पक्ष म्हणतो की, आपण न केल्यास दुसरा कोणी करणारच, मग उत्पन्न का सोडावे? पहिल्या पक्षाविषयी मला आदर आहे, परंतु अभ्यंग हा विषय वाग्भटाचार्यांनी चिकित्सास्थानात नव्हे, तर सूत्रस्थानाच्या दिनचर्याध्यायात सांगितला आहे, हे ते विसरतात. अभ्यंग हे निरोगी माणसाचे नित्यकर्म आहे. आपल्या आजीला तेल लावण्यासाठी कोणाच्या नोंदणी क्रमांकाची गरज पडली नाही. तेव्हा थकलेल्या माणसाने पैसे देऊन तेल लावून घेतले तर शास्त्राला बाध येतो असे मी मानीत नाही. दुसऱ्या पक्षाला विचारावेसे वाटते ते एवढेच की, विकायचे आहे ते नेमके काय? दिनचर्या विकणे एक, आणि चिकित्सेचे नाव लावून दिनचर्या विकणे निराळे.

‘वर्षा पंचकर्म : दोन रात्री, तीन दिवस’ हे दुसऱ्या प्रकारातले. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण (चरकमताने दोन बस्ती वेगळे धरून) ही पाच कर्मे. अभ्यंग व स्वेदन ही त्यांची पूर्वतयारी. शोधनापूर्वीच्या अभ्यंतर स्नेहपानालाच तीन ते सात दिवस लागतात, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मग तीन दिवसांत, त्यातही पहिला दिवस सामान उतरविण्यात आणि शेवटचा सामान भरण्यात जात असता, कोणते पंचकर्म होते? होते ते मालीश आणि बाफ. ते चांगले असू शकते. पण त्याचे नाव पंचकर्म नाही. पुढे खरोखर विरेचनाची गरज असलेला रुग्ण आपल्याकडे येऊन सांगतो, “पंचकर्म झाले आहे माझे, काही गुण आला नाही.” हा अनुभव आपणांपैकी अनेकांना असेल.

आता माझी गोष्ट. त्या निवासासाठी मी चार पॅकेजे आखून दिली होती. ऋतुचर्येचा अभ्यास करून, तेलांची निवड, क्रम, वेळ सारे लिहून दिले. सुश्रुताच्या अभ्यंगप्रकरणावर टीका करताना डल्हणाने स्नेह कोणत्या धातूपर्यंत किती मात्रांनी पोहोचतो याची गणना दिली आहे. तीनशे मात्रांनी रोमकूप, चारशेंनी त्वचा आणि अशा क्रमाने नऊशे मात्रांनी मज्जा. नऊशे मात्रा म्हणजे साधारण पाच मिनिटे. सात स्थितींत प्रत्येकी पाच मिनिटे धरल्यास पस्तीस मिनिटे होतात. म्हणून मी अभ्यंग पस्तीस मिनिटांचा व त्यानंतर स्वेदन दहा मिनिटांचे ठरविले. या हिशेबाचा मला अभिमानही वाटला होता. पत्रकावर छापले गेले, ‘तज्ज्ञ वैद्यांच्या मार्गदर्शनाखाली’. त्या वेळी मार्गदर्शक चाळीस किलोमीटर दूर आपल्या चिकित्सालयात रुग्ण तपाशीत बसलेली असे.

आषाढातील एका रविवारी पन्नाशीचे एक गृहस्थ कचेरीकडून भेट मिळालेले कूपन घेऊन तेथे आले. कूपनावर वेळ होती सकाळी दहाची. त्याआधी भोजनगृहात मिसळ, पुरीभाजी असा यथास्थित नाश्ता झालेला. रक्तदाबाची गोळी घेतलेली. अभ्यंग झाला, मग स्वेदनपेटीत बसविले. पेटीतून उठताच त्यांना अंधारी आली, ते कोसळले आणि पेटीच्या लाकडी कडेवर कपाळ आपटले. दोन टाके पडले. सुदैवाने तेवढ्यावर निभावले. मी धावत गेले तेव्हा व्यवस्थापक अत्यंत सौम्यपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही दिलेल्या कागदात नाश्त्याचा उल्लेख नव्हता.” ते खरे होते. अजीर्णात अभ्यंग वर्ज्य, हे मी परीक्षेत किती वेळा लिहिले असेन! मज्जेपर्यंतच्या मात्रा मोजल्या आणि पोट भरलेले आहे की रिकामे, हे विचारण्याचे राहून गेले.

या प्रसंगाने माझ्या लक्षात आणून दिलेली गोष्ट अशी की, पॅकेज हे आधी विकले जाते आणि माणूस नंतर येतो. आपल्या शास्त्रात क्रम याच्या उलट आहे. कूपन भेट देणाऱ्याला घेणाऱ्याची प्रकृती ठाऊक नसते. चरकाचार्यांनी स्वेदनास अयोग्य सांगितलेल्यांत नित्य मद्यपान करणारे, गर्भिणी, रक्तपित्ती, अतिसारी, मधुमेही असे कितीतरी आहेत. आणि शनिवार-रविवारी पर्यटन निवासात उतरणाऱ्यांत यांतील पहिला वर्ग किती असतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून स्वेदन हे कोणत्याही पॅकेजचा ठरीव भाग असू नये, या मताला मी आले आहे. त्या दिवशी, त्या माणसाला पाहून, योग्य वाटल्यास ते द्यावे. पैसे परत करण्याची तरतूदही कूपनावरच छापलेली असावी. नाहीतर “पैसे भरले आहेत, बाफ घेणारच” असा हट्ट धरणारे भेटतात.

ऋतूच्या नावाने पॅकेज काढण्यात केरळने सर्वांना धडा घालून दिला. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येणारा त्यांचा कर्किटक मास हा पूर्वापार औषधी कांजी आणि तैलोपचारांचा महिना. पर्यटनाच्या दृष्टीने मात्र तो रिकामा काळ होता. परंपरेच्या आधारावरच त्यांनी हा काळ आयुर्वेदाचा हंगाम म्हणून जगापुढे मांडला. त्याचबरोबर तेथील पर्यटन खात्याने आयुर्वेद केंद्रांचे ‘ग्रीन लीफ’ व ‘ऑलिव्ह लीफ’ असे वर्गीकरण सुरू केले आणि पदवीधर वैद्याची देखरेख, प्रशिक्षित स्त्री व पुरुष परिचारक यांसारख्या अटी घातल्या. आपल्याकडे त्यांतील पावसाचे चित्र तेवढे उचलले गेले. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो, म्हणून जुने धान्य, यूष, लघु आहार. आणि वर्षा पॅकेजच्या ग्राहकाला चार वाजता कांदाभजी व रात्री श्रीखंड! स्वयंपाकघराला सामील करून न घेता ऋतुचर्या विकता येत नाही.

वस्तुतः अभ्यंगाला सर्वांत अनुकूल ऋतू हेमंत. अग्नी प्रबळ, त्वचा रूक्ष, वाग्भटाने त्या ऋतुचर्येत वातघ्न तेलाचा अभ्यंग, मूर्धतैल, मर्दन आवर्जून सांगितलेले. आणि व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले तर नोव्हेंबर ते जानेवारी हाच आपल्या किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर गर्दीचा काळ. शास्त्र आणि बाजार इतके जुळून आलेले असताना आम्ही वर्षेचाच घोष का लावावा, हे मला उमगत नाही.

आणि महाराष्ट्राला ‘थीम’ शिकविण्याची तरी काय गरज? नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान हे आपले सर्वांत जुने पॅकेज होय. पहाटेची वेळ, कोमट सुगंधी तेल, उटणे, कढत पाणी, ओवाळणी, आणि त्यानंतर फराळ. हा क्रम पाहा. रिकाम्या पोटी स्नेहन, स्नेह काढण्यास उद्वर्तन, मग उष्णोदक आणि सर्वांत शेवटी अन्न. ज्या घरात आयुर्वेदाचे एकही पुस्तक नाही त्या घरातही हा क्रम चुकत नाही. माझ्या पत्रकात मात्र तो चुकला होता. दिवाळीचे चार दिवस घरी राहू न शकणाऱ्या, परगावी नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना हा विधी कोणी नीट करून दिला तर हवा आहे. त्यात रोगाचे नाव नाही आणि खोटा दावाही नाही.

दाव्यांविषयी थोडे. औषध व जादूटोणाविषयक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, स्थौल्य, पक्षाघात, संधिवात, रक्तदाब आदी विकारांची नावे आहेत. ‘मधुमेहमुक्ती सप्ताहांत’ असे छापणे हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. ‘उद्वर्तनाने आठ दिवसांत पाच किलो’ हेही त्याच वाटेने जाते. उद्वर्तन कफ व मेद यांवर काम करते हे शास्त्रवचन आहे. ते रुग्णाला तपासून सांगावे, फलकावर लावू नये. तीच गोष्ट बिलाची. मान्यताप्राप्त वैद्याने रोगनिदान, चिकित्सा वा शुश्रूषेसाठी दिलेली सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. सौंदर्य व शारीरिक स्वास्थ्याच्या सेवांवर मात्र २०१७ पासून १८ टक्के कर होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. जाहिरातीत ‘विश्रांती’ व बिलात ‘चिकित्सा’ असे लिहिण्याचा मोह आवरावा. तपासणी झाली तर कागद दिसेलच.

फार्मसीमालक वाचकांशी याहून महत्त्वाचे बोलायचे आहे. वैद्याने स्वतःच्या रुग्णांकरिता औषध बनविल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार परवान्यातून सूट आहे. परंतु कूपन घेऊन आलेला पाहुणा, ज्याला मी पाहिलेलेही नाही, तो ‘माझा रुग्ण’ कसा ठरतो? माझ्या समजुतीप्रमाणे ठरत नाही. तेव्हा घरच्या कढईतले तेल पाच लिटरच्या डब्यातून निवासाकडे धाडण्याची पद्धत आपण थांबवावी आणि परवानाधारक निर्मात्याचे, घटक छापलेले तेलच वापरावे. कल्क एक, स्नेह चार, द्रव सोळा या प्रमाणाने सिद्ध केलेल्या तेलात चुलीवर उडून गेलेल्या द्रवाचे इंधन आणि वेळ यांचे मोल असते. ते खनिज तेलाच्या भावात मिळणार नाही. निवासाचे खरेदी अधिकारी घासाघीस करतात, “वास उग्र आहे, थोडे अत्तर मिसळा” असेही सुचवितात. अशा वेळी पातळ पॅराफिनमध्ये सुगंध घालून त्याला ‘बला’ वा ‘क्षीरबला’ म्हणण्यापेक्षा, साधे मूर्च्छित तिळतेल त्याच नावाने द्यावे. स्वस्थाच्या अभ्यंगाला ते पुरेसे आहे आणि परवडतेही.

सूतिका अभ्यंगाचे पॅकेज काढावे का, असे काही भगिनी विचारतात. काढावे, पण निवासात नव्हे; बाळंतिणीच्या घरी, सव्वा महिन्याचे, प्रशिक्षित मालीशवालीला रीतसर वेतन देऊन, आणि शस्त्रक्रियेने प्रसूती झालेली असल्यास शल्यचिकित्सकाला विचारून. या विषयावर स्वतंत्र लेखच हवा.

चॉकलेट अभ्यंगाविषयी मला काही म्हणायचे नाही. ज्याला अंगाला चॉकलेट लावून घ्यायचे आहे त्याने ते अवश्य लावून घ्यावे. फक्त ‘अभ्यंग’ हा शब्द तेवढा सोडावा.

ज्येष्ठात आलेल्या त्या पत्राला मी उत्तर दिले. अकरांपैकी दोनच पॅकेजे ठेवावीत, हेमंत अभ्यंग आणि दीपावली अभ्यंगस्नान. छायाचित्र छापू नये. मी ज्या दोन वारी प्रत्यक्ष येईन त्याच वारी माझे नाव लावावे. प्रत्येक पाहुण्याकडून आठ प्रश्नांचा मराठी-इंग्रजी तक्ता आधी भरून घ्यावा. आणि अभ्यंग घेणाऱ्यांचा नाश्ता दहानंतर द्यावा. व्यवस्थापकांचा दूरध्वनी आला. “फक्त दोनच?” असे त्यांनी दोनदा विचारले. वारांबद्दल, छायाचित्राबद्दल व तक्त्याबद्दल ते राजी झाले. नाश्त्याच्या वेळेला मात्र भोजनगृहाच्या प्रमुखांची हरकत आहे, आणि ती बाब अद्याप मिटलेली नाही.