मंगळावरची ती नळी पृथ्वीवर आणा!

२०२५ सालच्या एप्रिल महिन्यात जगातील वृत्तपत्रांनी एके सकाळी आपल्या वाचकांना परग्रहावरील जीवसृष्टीची वर्दी दिली. सिंह राशीच्या दिशेस, १२४ प्रकाशवर्षांवर, ‘के२-१८बी’ नावाचा एक ग्रह आहे. त्याच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइड नावाचा वायू असावा, असे केंब्रिजचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन आणि त्यांचे सहकारी यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून दिसले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म जीवांपासून निर्माण होतो. झाले! तिकडे समुद्र आहे, समुद्रात जीव आहेत आणि विश्वात आपण एकटे नाही, असा डांगोरा पिटून वृत्तपत्रे मोकळी झाली. मधुसूदन हे वाराणसीला शिकलेले; तेव्हा आमच्याकडील मथळ्यांना अभिमानाचीही फोडणी मिळाली.

खुद्द संशोधकांनी मात्र आपला पुरावा ‘तीन सिग्मा’चा आहे, म्हणजे असा संकेत निव्वळ योगायोगाने उमटण्याचा संभव हजारांत तीन एवढा आहे, आणि शास्त्र ज्या ‘पाच सिग्मा’च्या कसोटीचा आग्रह धरते ती अद्याप गाठलेली नाही, असे स्पष्ट सांगितले होते. पुढे इतर शास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणे निराळ्या रीतीने तपासली, तेव्हा त्यांना त्या वायूची ठाम खूण सापडेना. शिवाय हाच वायू ‘६७पी’ या धूमकेतूवरही आढळलेला आहे, आणि तेथे समुद्रही नाही आणि शेवाळही नाही! बातमीचा हा उत्तरार्ध पहिल्या पानावर क्वचितच आला. आम्ही वृत्तपत्रवाले या पापाचे वाटेकरी आहोत, हे आधी कबूल करून मग पुढचे लिहितो.

कारण त्यानंतर काही दिवसांतच, मे २०२५ मध्ये, दुसरी एक बातमी आली आणि ती आतल्या पानांत विरून गेली. मंगळावर गोळा केलेले खडकांचे नमुने पृथ्वीवर आणण्याची योजना बंद करावी, असा प्रस्ताव अमेरिकन सरकारने आपल्या अंदाजपत्रकात मांडला. १२४ प्रकाशवर्षांवरच्या वायूसाठी ढोल वाजले. आणि ज्या दगडाला आपण खरोखर हात लावू शकतो, त्या दगडावर पाणी सोडण्याची भाषा झाली तेव्हा कोणी हूं की चूं केले नाही. आमच्या मते अनर्थ आहे तो हा.

तो दगड काय आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे. ‘पर्सिव्हिअरन्स’ नावाची अमेरिकन गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरील जेझेरो विवरात उतरली. कोट्यवधी वर्षांपूर्वी या विवरात सरोवर होते आणि त्यात एक नदी येऊन मिळत होती. त्या नदीच्या कोरड्या पात्रात जुलै २०२४ मध्ये गाडीला एक तांबूस खडक आढळला. त्याच्या अंगावर बिबळ्याच्या कातडीसारखे ठिपके आहेत: मध्ये फिकट आणि कडेला काळसर. या ठिपक्यांत लोहाचे फॉस्फेट आणि लोहाचे सल्फाइड आहे, आणि खडकात सेंद्रिय कार्बनही आहे. पृथ्वीवर दलदलीच्या आणि सरोवराच्या गाळात अशी खनिजे आढळतात, आणि पुष्कळदा ती घडवणारे कारागीर असतात सूक्ष्म जंतू. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या खडकाविषयीचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात ‘संभाव्य’ जीवखूण एवढेच म्हटले आहे. जंतूंवाचूनही अशी खनिजे तयार होऊ शकतात, याची लेखकांना पुरती जाणीव आहे. गाडीने त्या खडकाचा खडूच्या कांडीएवढा तुकडा कापून नळीत बंद केला आहे. पण ती गाडीच्या पोटात आहे आणि गाडी मंगळावर आहे!

यंत्रे तेथेच आहेत तर तेथेच तपासावे, नळी आणण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. हा प्रयोग एकदा होऊन गेलेला आहे. १९७६ साली दोन ‘व्हायकिंग’ याने मंगळावर उतरली. त्यांनी मातीवर पोषक द्रव शिंपडला, तेव्हा मातीतून वायू बाहेर पडला. तीच माती तापवून पाहिली, तेव्हा वायू येईना. जंतू असते तर नेमके असेच घडले असते. परंतु यानावरच्या दुसऱ्या उपकरणाला सेंद्रिय पदार्थ सापडले नाहीत, म्हणून मंगळ निर्जीव असा निकाल लागला. पुढे २००८ साली ‘फिनिक्स’ यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. माती तापवली की हे क्षार सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतात, आणि त्या दुसऱ्या उपकरणाची तपासणीची रीत होती माती तापवण्याची! साक्षीदाराला कचेरीच्या वाटेवरच मारावे आणि साक्ष मिळाली नाही म्हणून खटला काढून टाकावा, तसा हा प्रकार झाला असणे शक्य आहे. आधी ठरवून दिलेल्या प्रश्नांपलीकडे यानावरच्या यंत्राला काही विचारता येत नाही. हातात आलेल्या दगडाला मात्र पन्नास वर्षांनीही नवा प्रश्न विचारता येतो. अपोलो यानांतून आलेल्या ३८२ किलो चांद्रखडकांतून अजून नवे ज्ञान निघतेच आहे.

बरे, एवढा आटापिटा करून कळणार काय? सूर्यावाचून अन्य ताऱ्यांभोवती फिरणारे सहा हजारांवर ग्रह आज सापडलेले आहेत, आणि इतक्या बिऱ्हाडांत एखादे तरी नांदते असणारच, असा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. तो आकर्षक आहे, परंतु त्याला बूड नाही. जीव कोठे, किती वेळा आणि किती सहज उपजतो याविषयी आपल्याजवळ एकच उदाहरण आहे, आणि एका उदाहरणावरून सरासरी काढता येत नाही. मंगळावर पृथ्वीहून स्वतंत्रपणे उपजलेला एक जंतू, मग तो तीन अब्ज वर्षांपूर्वी मेलेला का असेना, सापडला की एकाच सूर्याच्या घरात दोनदा पाळणा हलला, असे ठरेल. मग विश्व जीवांनी गजबजलेले आहे असे म्हणायला खरा आधार मिळेल. उलट तो जंतू आपल्याच गोत्राचा निघाला, तर उल्काखंडांवर बसून कोण कोणाकडे गेले हा निराळाच प्रश्न उभा राहील. ही गोत्रपरीक्षा करायला पृथ्वीवरची प्रयोगशाळाच हवी.

येथे आम्हांस डॉ. जयंत नारळीकरांचे स्मरण होते. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात निवर्तले. महाराष्ट्राने त्यांच्या विज्ञानकथांवर प्रेम केले, पण त्यांचा एक प्रयोग फारसा कोणाच्या ध्यानात राहिला नाही. हैदराबादेहून सोडलेल्या बलूनमधून २००१ आणि २००५ साली ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले. दुसऱ्या उड्डाणातील नमुन्यांत जंतूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या, आणि त्यांत तीन जाती सर्वस्वी नव्या निघाल्या. त्यांतल्या एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे नाव दिले गेले. जीवसृष्टी अंतराळातून पृथ्वीवर आली, या मताचा हॉइल यांनी पुरस्कार केला होता. ‘गुरूचे म्हणणे सिद्ध झाले’ एवढे एक वाक्य शिष्याने उच्चारले असते, तर जगभर मथळे झळकले असते. पण २००९ साली निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा, हे जंतू पृथ्वीबाहेरून आले असे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असेच ‘इस्रो’ने सांगितले. मोहाच्या क्षणी असे सांगायला छाती लागते.

आता खर्चाचा मुद्दा. मंगळाचे नमुने आणण्यास ८ ते ११ अब्ज डॉलर, म्हणजे वरच्या आकड्याने ९० हजार कोटी रुपयांहून अधिक, लागतील असा अंदाज २०२३ साली स्वतंत्र समितीने दिला. ही रक्कम लहान नाही. भुकेल्याला भाकरी आधी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु या प्रस्तावातून वाचणारी रक्कम भाकरीकडे वळणार होती, असे तो मांडणाऱ्यांनीही म्हटलेले नाही! योजना उधळी असेल तर ती काटकसरीची करावी, इतरांना भागीदार करून घ्यावे. चीनने २०२८च्या सुमारास स्वतःचे यान मंगळावर पाठवून २०३१च्या सुमारास नमुने आणण्याचे ठरवले आहे. ते नमुने अवश्य यावेत; पण ते दुसऱ्या ठिकाणचे असतील. ठिपक्यांचा खडक जेझेरोतच आहे.

या कामी भारताला बघ्याची भूमिका घेण्याचे कारण नाही. चंद्रावरची माती परत आणणाऱ्या ‘चांद्रयान-४’ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २,१०४ कोटी रुपये मंजूर केले. परक्या भूमीवरून उड्डाण करणे, अंतराळात दुसऱ्या यानाला गाठणे आणि कुपी सुखरूप घरी आणणे ही विद्या त्यात शिकावी लागणार आहे, आणि मंगळाच्या कामाला हीच विद्या लागते. बलूनमधले जंतू ओळखणाऱ्या प्रयोगशाळा आपल्या पुण्या-हैदराबादेतच आहेत. दिल्लीने वॉशिंग्टनला आणि युरोपीय संस्थेला आजच कळवावे की, ती नळी आणण्याच्या कामात आम्ही वाटा उचलतो, आणि तपासणीच्या मेजावर आम्हांला जागा हवी.