चौथीच्या आत

नाती, आरोग्य आणि समता हे विषय प्राथमिक शाळेत शिकवायचे म्हटले की पहिली हरकत वयाची निघते. मुले लहान आहेत, सहावी-सातवीत बघू. महाराष्ट्रात ही हरकत धोरणातही उतरली आहे. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या केंद्रीय कार्यक्रमाला राज्याने शाळांची दारे बंद केली. पुढे आलेले उपक्रमही बहुधा मोठ्या वर्गांसाठीच आखले गेले. मीना-राजू मंच उच्च प्राथमिकसाठी आहे, आणि आयुष्मान भारतखाली २०२० मध्ये आलेला शालेय आरोग्य कार्यक्रमही तिथूनच सुरू होतो. रायगडच्या किनारपट्टीवर याचा परिणाम उघड दिसतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या डोंगरउतारांवरच्या कातकरी वाड्यांत शाळा असली तर ती बहुतेक चौथी-पाचवीपर्यंतच असते, आणि अनेक मुलांचे शिक्षण तिथेच थांबते. सहावीत सुरू होणारा विषय या मुलांपर्यंत पोहोचतच नाही.

लहान वयात नेमके काय शिकवायचे, याबद्दल गैरसमज फार आहेत. युनेस्कोच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शनात पहिला वयोगट पाच ते आठ वर्षांचा आहे. त्यात कुटुंब, मैत्री, आदर आणि आपल्या शरीरावरचा आपला हक्क या गोष्टींवर भर आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत नातेसंबंध आणि आरोग्य यांचे शिक्षण सक्तीचे झाले. लैंगिक शिक्षण मात्र त्या टप्प्यावर सक्तीचे नाही. ज्याला लोक घाबरतात ते आणि जे मुलांना हवे आहे ते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सुरुवात कुटुंबापासून होते. आई, बाबा, ताई, दादा असे चौकोनी चित्र फळ्यावर काढले की वर्गातली निम्मी मुले त्याच्या बाहेर राहू शकतात. कोणाचे वडील मासेमारीला गेले की दिवसेंदिवस बोटीवर असतात, कोणाचे मुंबईला नोकरीला, कोणी आजीपाशी वाढते, कोणाला आईच सगळे आहे. मुलाने आपले घर जसे आहे तसे सांगावे आणि बाईंनी ते तसेच फळ्यावर लिहावे, इतक्यानेही पहिला धडा होतो. नात्यांचा दुसरा धडा नकाराचा. गणपतीत चाकरमानी आले की घर पाहुण्यांनी भरते आणि लहानग्यांना 'काकांना पापा दे' असा हुकूम सुटतो. मूल अंग चोरते, मोठे हसतात. त्या क्षणी मुलाला 'नको' म्हणता आले आणि मोठ्यांनी ते ऐकले, तरच पुढे कधी खरोखर गरज पडल्यावर त्याचा आवाज निघेल.

स्पर्शाचा पाठ आता पुष्कळ शाळांत घेतात, पण 'चांगला' आणि 'वाईट' एवढ्यावर तो थांबतो. तेवढे पुरत नाही. लाडीगोडीचा, गुदगुल्यांचा स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असे नाही. म्हणून सुरक्षित आणि असुरक्षित अशी विभागणी अधिक उपयोगी पडते, आणि तिच्या जोडीला गुपिताचा नियम: जे आईला सांगू नको असे कोणी बजावते, ते आधी सांगायचे. त्यासाठी शरीराच्या प्रत्येक अवयवाचे नाव मुलाला ठाऊक हवे, नाहीतर काय झाले हे ते सांगणार कसे? बालकांवरील अत्याचाराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. केवळ 'अनोळखी माणसाबरोबर जाऊ नको' एवढे शिकवून मुलाचे संरक्षण होत नाही.

मूल बोलले तर पुढचे काम मोठ्यांचे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. दडवणे हाही गुन्हा आहे. गावात मिटवून टाकण्याची मुभा शिक्षकाला, सरपंचाला किंवा पंचांना नाही. मुलाची उलटतपासणी करायची नाही, ते जे सांगेल ते शांतपणे ऐकायचे. शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमायच्या सखी सावित्री समितीचा शासननिर्णय मार्च २०२२ चा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली अत्याचाराची घटना घडल्यावर तिची पुन्हा आठवण झाली. समितीची यादी भिंतीवर लावलेली असणे आणि त्या यादीतल्या बाईंना मुले ओळखत असणे, यांतले अंतर अजून कापायचे आहे.

आरोग्याचा भाग तुलनेने सोपा वाटतो, पण तोही नात्यांत गुंतलेला आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी मिळते, मुलगा असो वा मुलगी. खिचडी खाऊन झाल्यावर गोळी देताना ती का घ्यायची हे सांगितले, तर रक्ताची कमतरता म्हणजे काय हे मुलांना कळते, आणि घरी मासळीची तुकडी आधी कोणाच्या ताटात पडते याकडेही त्यांचे लक्ष जाते. मिश्रीचेही तसेच. किनाऱ्यावर कित्येक घरांत सकाळी तिनेच दात घासले जातात आणि मुले मोठ्यांचे पाहून बोट तिच्यात बुडवतात. ती जाळलेली तंबाखूच आहे, हे दुसरीतल्या मुलाला सांगता येते. आजीला न दुखावता हे घरी कसे बोलायचे, तेही शिकवावे लागते.

प्रश्नांना उत्तरे देणे हा या शिक्षणाचा गाभा. बाळ कुठून आले, या प्रश्नाला 'आईच्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते, तिथे वाढले' हे उत्तर आठ वर्षांच्या मुलाला पुरते. सरळ उत्तर द्यायला हिंमत मात्र लागते. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली. १९३४ मध्ये त्यासाठीच त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले; तरी कर्वे यांना दंड झाला.

'समाजस्वास्थ्य' निघण्याच्या चारच महिने आधी, २० मार्च १९२७ रोजी, याच रायगड जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. सार्वजनिक पाणवठे आणि शाळा दलितांसह सर्वांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच संमत झाला होता, आणि महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळे खुलेही केले होते. पाणी पिण्यासाठी मात्र माणसांना तळ्यावर जावे लागले. शाळेतल्या समतेची कसोटीही पाण्यापाशीच लागते. माठ कोण भरतो, वर्ग कोण झाडतो, खिचडीच्या रांगेत शेवटी कोण उभे राहते, वाडीवरची मुले कुठल्या कोपऱ्यात बसतात? आठवड्याची पाळी लावून झाडू आणि तांब्या प्रत्येकाच्या हाती आला, तर त्यावर वेगळे भाषण द्यावे लागत नाही. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत सुरू होऊन राज्यभर गेलेला 'मूल्यवर्धन' कार्यक्रम याच दिशेने, संविधानातली मूल्ये जोडीत आणि गटात काम करून रुजवू पाहतो.

स्त्री-पुरुष समतेसाठी पाठ्यपुस्तकही बदलले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दिसू लागले. रायगडच्या मुलांपाशी मात्र पुस्तकाच्याही आधीचे उदाहरण आहे. कोळीवाड्यात मासळीचा भाव आई ठरवते, पैसे तीच मोजते, उधारीचा हिशेबही तिच्याच डोक्यात असतो. हे काम वर्गात मोजले जायला हवे. आणि बाजारातून आल्यावर चुलीपुढेही तीच का बसते, हेही मुलांनी विचारायला हवे.

एक अडचण वेळापत्रकाची आहे. दिवाळी आटोपली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. शिक्षण हमी कार्डामुळे मूल कितवीत आहे हे दुसऱ्या शाळेला कळू शकते. पण भट्टीजवळ शाळा असेलच असे नाही. हे पाठ दुसऱ्या सत्रात ठेवले, तर ज्यांना त्यांची गरज सर्वांत जास्त, नेमकी तीच मुले गैरहजर असतात. म्हणून ते जून ते ऑक्टोबर या काळातच पुरे करावे लागतील, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी १०९८ हा बालकांचा मोफत मदत क्रमांक प्रत्येक मुलाकडून पाढ्यासारखा पाठ करून घ्यावा लागेल.