हळदीचे फोटो

आष्टी तालुक्यात कुठल्याही घरी १९९५ साली रोलच्या कॅमेऱ्यावर काढलेला फोटो मागा. कपाटातून, ट्रंकेतून, गेला बाजार देवघरामागच्या पिशवीतून तो निघतो. २००५ साली घरच्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेला मागितला की मात्र घरात चर्चा सुरू होते. थोरला म्हणतो, सीडी मारून आणली होती. धाकटा म्हणतो, कार्ड पुण्याच्या भाच्याकडे गेलं. कॅमेरा सापडतो तर त्यात कार्ड नसतं, कार्ड सापडतं तर ते घालायला आता घरात कुठे खाच नसते. फोटो काही मिळत नाही.

रोलच्या काळात फोटो जपण्याचं काम वेगळं करावं लागत नव्हतं. छत्तीस फोटोंचा रोल संपला की स्टुडिओत द्यायचा, स्टुडिओवाला तो नगरच्या लॅबला पाठवायचा, आणि चार-आठ दिवसांनी पाकीट परत यायचं. पाकिटात पोस्टकार्ड साईजचे प्रिंट आणि निगेटिव्हच्या पट्ट्या. फोटो बघायचा तर दुसरा रस्ताच नव्हता, आणि त्या रस्त्यावर एकाऐवजी दोन प्रती आपसूक तयार व्हायच्या. डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो काढल्या काढल्या दिसायला लागला. बघणं फुकट झालं तशी जपण्याची गरजच कुणाला वाटेना.

आमच्याकडे हे छोटे कॅमेरे आले ते बहुतेक पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेल्या पोरांच्या बॅगेतून, नाहीतर सुट्टीवर आलेल्या जवानाच्या सामानातून. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि सोबत कंपनीने दिलेलं १६ एमबीचं कार्ड. एक फोटो साधारण अर्धा ते एक एमबीचा. म्हणजे वीस-पंचवीस फोटोंत कार्ड भरलं, रोलपेक्षाही आधी. मोठं कार्ड मिळायचं, पण महाग. मग जागा करायची ती उडवून.

हे उडवणं मी अगदी जवळून पाहिलं आहे. मंगलाष्टकांना पाच मिनिटं राहिलेली, आणि स्क्रीनवर कार्ड फुल. मांडवाच्या खांबाला टेकून एक पोरगा दीड इंची स्क्रीनवर फोटो मागे मागे नेतोय, तिघं त्याच्या खांद्यावरून वाकून बघताहेत. "हा उडव, हिचे डोळे मिटलेत. हळदीचे दोन ठेव, बाकीचे काढून टाक." आणि हळदीचे गेले. त्या फोटोंत कोण होतं? जात्यावर हळद दळायला बसलेल्या बाया, चुलीपुढे घामाघूम झालेली चुलती, ओसरीवर खाटेवर पडून सगळं बघणारे आजोबा. ठरवलेल्या फोटोग्राफरचा अल्बम स्टेजचा असतो, आणि ही माणसं स्टेजवर चढत नाहीत. घरच्या कॅमेऱ्यातच ती सापडायची. चार वर्षांनी आजोबा गेले की भिंतीला लावायला फोटो शोधतात, तेव्हा रेशन कार्डावरचा पुसट चेहरा मोठा करून आणावा लागतो. मला याचं फार वाईट वाटतं.

ज्या कार्डांवरचे फोटो उडवले नाहीत, त्यांचीही वाट खडतरच होती. हे कॅमेरे पेन्सिल सेलवर चालायचे, आणि किराणा दुकानातले रिमोटचे सेल घातले की दहा-बारा फोटोंत मान टाकायचे. फ्लॅश आणि स्क्रीनला लागणारा करंट त्या सेलांना झेपत नाही, अल्कलाइन नाहीतर चार्जिंगचे लागतात. चार्जिंगचे घेतले तर त्या वर्षांतलं भारनियमन. लाईट आली की आधी मोटार, मग मोबाईल, सेलांचा नंबर शेवटी. कॉम्प्युटर गावात दोन-चार ठिकाणी. त्यात विंडोज ९८ असेल तर कॅमेऱ्यासोबतची ड्रायव्हरची सीडी हवी, आणि ती पुण्याला राहिलेली. केबलचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं. कार्डंही तशीच: कुणाचं स्मार्टमीडिया, सोनीचं मेमरी स्टिक, ऑलिंपस आणि फुजीफिल्मचं २००२ साली निघालेलं एक्सडी. १९९९ साली जाहीर झालेलं एसडी तेवढं टिकलं.

म्हणून लोक कार्ड घेऊन स्टुडिओत जायचे. "खाली करून द्या," म्हणायचे. स्टुडिओवाला फोटो आपल्या हार्डडिस्कवर ओढायचा, सीडीवर टाकून द्यायचा, कार्ड रिकामं करायचा. काही वर्षं तालुक्याच्या घराघरांतले फोटो अशा रीतीने मेन रोडवरच्या दुकानांतल्या डिस्कवर साठत गेले, पण त्या सांभाळायचे पैसे कुणी दिले नव्हते. चाळीस जीबीची डिस्क एका लग्नसराईत भरायची आणि पुढच्या सराईला पुसली जायची. यात त्यांचा काही दोष नाही. आणि लोकांच्या हातात आलेली सीडी गेली पत्र्याच्या घरात, कपाटाच्या डोक्यावर. राईट केलेल्या सीडीत माहिती रंगाच्या पातळ थरावर असते, उजेड आणि ऊन त्या थराला खातात. आमचा एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको.

नावांचाही घोळ होता. कुठल्याही कंपनीचा कॅमेरा कुठेही वाचता यावा म्हणून १९९८ साली जपानमध्ये एक नियम ठरला. डीसीआयएम नावाचं फोल्डर, आणि फोटोचं नाव म्हणजे चार अक्षरं नि चार आकडे. नियम चांगला होता. पण कार्ड फॉरमॅट केलं की पुष्कळ कॅमेऱ्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू व्हायची. साखरपुड्याचा पहिला फोटो आणि बारशाचा पहिला फोटो, दोघांचं नाव एकच. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ओढले, कॉम्प्युटरने विचारलं, घाईत 'हो' दाबलं, साखरपुडा गेला.

जे उरले त्यांवरची तारीखही भरवशाची नाही. सेल बरेच दिवस काढून ठेवले की आतलं घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर परत जायचं. त्यामुळे भर उन्हाळ्यातल्या वरातीवर एक जानेवारी दिसते. साल काढायचं तर माणसांना विचारावं लागतं, आणि आमच्याकडे ते बरोबर निघतं. "आम्ही पहिल्यांदा कोयत्यावर गेलो त्याच्या आदल्या साली." "थोरली पोटात होती, उचल घेतली नव्हती." २००३ चा दुष्काळ, छावणी, विहीर आटली ते साल. ऊसतोडीचा हंगाम संपवून माणसं परत आल्यावरच लग्नं होतात, म्हणून महिनाही सापडतो.

अजून हातात असलेलं बरंच वाचवता येतं. जुनं कार्ड सापडलं तर कॅमेऱ्यात घालून एकही नवा फोटो काढू नका. फोटो उडवला, अगदी फॉरमॅट मारला, तरी तो बहुधा तिथेच असतो. कॅमेरा यादीतून त्याचं नाव खोडतो आणि जागा मोकळी धरतो. त्या जागेवर दुसरा फोटो बसला तरच पहिला जातो. अंतरपाटाच्या फोटोंखाली दबलेली हळद परत येणार नाही, पण कडेला राहिलेली येते. फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं. मात्र वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कार्डातला चार्ज हळूहळू उतरतो, तेव्हा पुढच्या वर्षावर ढकलू नका.

२३ सप्टेंबर २०२२ ला नगर आणि न्यू आष्टीदरम्यान पहिली पॅसेंजर धावली, त्या दिवशीचे फोटो हजारो मोबाईलांत आहेत, त्यांची मला काळजी नाही. त्याआधी रेल्वेसाठी जी माणसं रस्त्यावर बसली, त्यांचे फोटो याच छोट्या कार्डांत असणार. ते कुणी काढले असतील तर त्यांनी घरात शोधावं.

ज्या स्टुडिओवाल्यांनी जुना मल्टी कार्ड रीडर आणि बंद पडलेल्या डिस्क अजून भंगारात घातल्या नसतील, त्यांनी त्या घालू नयेत, आणि लोकांनी त्यांतून फोटो शोधून देण्याचे पैसे द्यावेत. दोन मेगापिक्सेलचा फोटो पोस्टकार्ड साईजला स्वच्छ निघतो. प्रिंट काढा, मागे पेन्सिलीने नावं आणि साल लिहा. दसऱ्यानंतर गाड्या भरतात आणि साल सांगणारी निम्मी माणसं कारखान्यावर जातात, तेव्हा हे त्याच्या आत उरकायला हवं.