पाहणारे डोळे आणि विसरणारी पेटी

आम्ही राहतो त्या इमारतीत गेल्या महिन्यात जे घडले ते बातमीच्या सदरात दोन ओळींच्याही योग्यतेचे ठरले नसते. तिसऱ्या मजल्यावरील एका वृद्ध बाईंच्या सोन्याच्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. दुपारी चारच्या चहापर्यंत त्या कपाटात होत्या, असे त्या खात्रीपूर्वक सांगत होत्या. इमारतीत सोळा कॅमेरे आहेत. फाटक व वाहनतळ यांवर लक्ष ठेवणारे आठ जुने, आणि गेल्या दिवाळीत जिने व लिफ्ट यांसाठी बसविलेले आठ नवे. साहजिकच सेक्रेटरी व समितीचे दोन सभासद चित्रण पाहावयास बसले. त्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई फाटकावरच्या चित्रात तीन वाजून चाळीस मिनिटांनी बाहेर पडताना दिसल्या. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरील चित्रात त्याच बाई चार वाजून बारा मिनिटांनी दिसल्या. गेलेली व्यक्ती फाटकातून परत न येता अर्ध्या तासाने जिन्यात उभी! मागल्या भिंतीवरून आली असेल, असा तर्क निघाला, आणि तर्काचा निश्चय होण्यास चहाचा एक पेलाही पुरला. मनासारखा पुरावा हाती लागल्यावर पुढचे चित्र पाहण्याची गरज कोणास भासली नाही. बाईंची दोन तास उलटतपासणी झाली आणि त्या आठवड्यात चार घरांनी त्यांचे काम बंद केले.

बाराव्या दिवशी इमारतीतील एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी सुटीला घरी आला. वादविवादात न शिरता तो हातात घड्याळ घेऊन आधी फाटकापाशी आणि मग तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर उभा राहिला, आणि नंतर दोन्ही चित्रे त्याने समितीस दाखविली. जिन्यावरच्या कॅमेऱ्याचे घड्याळ पस्तीस मिनिटे पुढे होते. चार वाजून बारा मिनिटांची म्हणून दाखविलेली घटना वस्तुतः तीन वाजून सदतीस मिनिटांची होती. काम उरकून बाई जिना उतरल्या आणि तीन मिनिटांनी फाटकाबाहेर पडल्या, इतकाच त्या सोळा डोळ्यांचा साक्षात्कार! मग खऱ्या चार वाजल्यानंतर तिसऱ्या मजल्यावर कोण आले होते? ते चित्र मागविले गेले, तेव्हा पेटीने ते आदल्याच रात्री पुसून त्यावर नवे चित्र लिहून टाकले होते. चोर सोडून संन्याशाला सूळ, ही म्हण आपण शाळेत शिकलो. तिला विजेची जोड मिळेल असे मात्र कोणास वाटले नव्हते.

ही चूक एखाद्या गाफील सेक्रेटरीची म्हणून सोडून देता येईल. पण आमच्या मते ती आज शहरभर पसरलेल्या एका समजुतीची चूक आहे. कॅमेरा बसविला की पहारा बसला, अशी ती समजूत आहे. सभेत कॅमेऱ्यांची संख्या विचारली जाते, चित्र किती स्वच्छ येते हे विचारले जाते. तारांच्या दुसऱ्या टोकाला जी पेटी असते, जिला रेकॉर्डर म्हणतात, तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. कॅमेरा केवळ पाहतो. लक्षात ठेवते ती पेटी, आणि तंटा उभा राहतो तो नेहमीच लक्षात राहिलेल्या गोष्टींवरून.

या दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांतील भेद समजून घेण्यास अभियंता असण्याची आवश्यकता नाही. आम्ही पूर्वी शाळामास्तर होतो, त्या सवयीने सांगतो. जुना, ॲनालॉग पद्धतीचा कॅमेरा म्हणजे निरक्षर पण चौकस असा गावचा जागल्या. त्याला जे दिसते ते तो कोॲक्सियल तारेतून जसेच्या तसे सांगत राहतो, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला कुलकर्णी, म्हणजे डीव्हीआर नावाचा रेकॉर्डर, ते अंकांत उतरवून, आटोपशीर करून दप्तरात ठेवतो. प्रत्येक जागल्याची तार वेगळी. पण तारीख-वेळ घालणारा कुलकर्णी एकच, त्याचे घड्याळही एकच. ते चुकले तर सर्वांचे सारखेच चुकते. नवा, नेटवर्कचा कॅमेरा मात्र स्वतःच साक्षर आहे. त्याच्या पोटात लहानसा संगणक असतो. चित्र तो स्वतः अंकांत लिहितो, स्वतःच्या घड्याळाची वेळ त्याच्या कोपऱ्यात टाकतो, आणि पत्ता घातलेल्या पाकिटांतून ते लॅनच्या तारेवरून पाठवितो. त्याच्या टोकाचा रेकॉर्डर, ज्याला एनव्हीआर म्हणतात, तो लेखनिक नसून केवळ दप्तरदार आहे. आलेली पाकिटे तो रचून ठेवतो. नव्या पद्धतीत जितके कॅमेरे तितकी घड्याळे, आणि ती एकमेकांशी जुळविण्याचे काम कोणावर तरी सोपविलेच पाहिजे. संगणकांच्या जाळ्यात याची सोय आहे. रेकॉर्डरने किंवा एखाद्या वेळदर्शक सर्व्हरने सर्वांस वेळ पुरवावी, एवढी एक खूण यंत्राच्या मांडणीत करावी लागते. आमच्या इमारतीत ती खूण करण्यास कोणी सांगितले नाही, म्हणून कोणी केली नाही.

जुने मोडीत न काढता नवे जोडण्यात गैर काही नाही. मध्यमवर्गीय संसाराची ती रीतच आहे. दोन्ही प्रकारच्या तारा घेणारे मिश्र रेकॉर्डर बाजारात मिळतात. जुन्या कॅमेऱ्याचे चित्र अंकांत बदलून जाळ्यावर सोडणारे एन्कोडरही मिळतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून २००८ साली ऑनव्हिफ नावाची सामाईक बोली ठरविण्याचे काम सुरू झाले, आणि बहुतेक नवे कॅमेरे ती बोलतात. अडचणी असतात त्या साध्या. लॅनची तांब्याची तार शंभर मीटरपर्यंतच भरवशाची असते; दूरच्या फाटकासाठी वाटेत स्विच घालावा लागतो. सोळा जागांच्या पेटीत सतरावा कॅमेरा बसत नाही. तो बसेल असे सांगणारे विक्रेते मात्र असतात.

खरी मेख आहे ती दप्तराच्या आकारात, आणि येथे थोडे अंकगणित मांडणे भाग आहे. एका कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदास दोन मेगाबिट या बेताच्या गतीने साठविले, तर दिवसाकाठी सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. सोळा कॅमेऱ्यांना ३४५ गिगाबाइटांहून अधिक. आमच्या पेटीतील डिस्क चार टेराबाइटांची आहे. ती साडेअकरा दिवसांत भरते. भरल्यावर पेटी कोणास विचारीत नाही. सर्वांत जुने पान खोडून त्यावर लिहू लागते. आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात मात्र 'चित्रण तीस दिवस राहील' असे स्पष्ट लिहिलेले आहे! आठ कॅमेरे होते तेव्हा ते तेवीस दिवस तरी राहत असे. आठ नवे डोळे घेताना आपण निम्मी स्मृती गमावीत आहोत, हे त्या सभेत कोणाच्या ध्यानी आले नाही. कबूल करावयास हरकत नाही की, त्या सभेस आम्हीही हजर होतो आणि ठरावाच्या बाजूने आमचाही हात वर होता.

सोसायट्यांस हसून शासनसंस्थांनी मोकळे होण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी यांच्या प्रकरणात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. न्यायालय केवळ कॅमेरे बसवा एवढे सांगून थांबले नाही, हे विशेष. चित्रण अठरा महिने टिकले पाहिजे, तशी यंत्रे बाजारात नसतील तर किमान एक वर्ष तरी, असेही त्याने बजावले. वरच्याच हिशेबाने अठरा महिन्यांना एकेका कॅमेऱ्यामागे बारा टेराबाइटांच्या आसपास जागा हवी. कोठडीत मारहाण झालेल्या माणसाची तक्रार न्यायालयाच्या दारापर्यंत पोचावयास महिनोन् महिने लागतात. पंधरा दिवसांत विसरणारी पेटी त्याच्या काय कामाची? आदेशानंतर जवळजवळ पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, कोठडीतील मृत्यू आणि बंद पडलेले कॅमेरे यांच्या वृत्तावरून त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

दप्तर नुसते टिकून भागत नाही, ते कोणाच्या ताब्यात होते याचे उत्तर देणाराही कोणी असावा लागतो. आपल्याच राज्यातील एक प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील एका उमेदवाराची नामनिर्देशनपत्रे दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाली, असा आक्षेप होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रण हा त्यातील कळीचा पुरावा होता. म्हणजे तंटा पुन्हा घड्याळाचाच! त्या चित्रणासोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र द्यावयास संबंधित अधिकारी तयार होईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की, मूळ यंत्रच हजर केले नसेल तर असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे; मात्र पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही अधिकारी ते देत नसतील तर त्याचे खापर पक्षकारावर फोडता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हे प्रमाणपत्र अधिक काटेकोर झाले आहे. यंत्राचा ताबा असलेल्याने आणि तज्ज्ञाने असे दोघांनी ते द्यावयाचे, आणि चित्रणाची अंकमुद्रा, ज्याला हॅश म्हणतात, ती त्यात नोंदवावयाची. कॅमेऱ्यांच्या आशेवर निर्धास्त झोपणाऱ्या सोसायट्यांपैकी किती सेक्रेटरी अशी सही द्यावयास धजतील?

उलट दिशेचा धोकाही लहान नाही. जुन्या जागल्याची तार कुलकर्ण्याच्या दारी संपत असे. चोराला चित्र हवे तर त्याला त्या खोलीत शिरावे लागे. नवा कॅमेरा आणि त्याचा दप्तरदार हे दोघेही इंटरनेटच्या चव्हाट्यावर उभे असतात. जुने कॅमेरे जोडलेला डीव्हीआरही घरबसल्या मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून इंटरनेटला जोडला की त्याच पंक्तीला येतो. २०१६ साली मिराई नावाच्या दुष्ट आज्ञावलीने जगभरातील असे लाखो कॅमेरे व रेकॉर्डर वेठीस धरले. तिचे शस्त्र काय, तर कारखान्यातून यंत्राबरोबर येणाऱ्या साठ-एक परवलीच्या शब्दांची यादी! ते शब्द बदलण्याची तसदी मालकांनी घेतली नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील तपासणीच्या खोलीतले चित्रण विक्रीस निघाल्याचे उघड झाले. पकडलेल्या आरोपींत महाराष्ट्रातलेही होते, आणि तेथेही दार उघडे राहिले होते ते कोणी न बदललेल्या परवलीच्या शब्दामुळे. ज्या स्त्रियांच्या रक्षणासाठी म्हणून यंत्र आणले, त्यांचीच लाज बाजारात मांडली गेली. कुंपणाने शेत खाणे ते हेच. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने अशा कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचणी सक्तीची केली, हे योग्यच झाले. पण आधीपासून भिंतींवर असलेल्या यंत्रांचे काय करावयाचे, हे ज्याचे त्याने पाहावयाचे आहे.

'आम्ही काय यंत्रविशारद आहोत? बसविणाऱ्याला सर्व ठाऊक असते,' असे यावर म्हटले जाईल. बसविणाऱ्याला ठाऊक असते, पण तो विचारले तितकेच करतो, आणि निविदेत आपण कॅमेऱ्यांच्या संख्येपलीकडे काही विचारीत नाही. डिस्क किती दिवसांची हे हिशेबासह लिहून मागणे, सर्व घड्याळे एका वेळेला जोडून दाखविल्यावाचून पैसे न देणे, कारखान्याचा परवलीचा शब्द आपल्यासमक्ष बदलून घेणे, यांस कसले यंत्रशास्त्र लागते? एखादी तक्रार आली की त्याच दिवशी त्या वेळेचे चित्रण वेगळे काढून ठेवणे, आणि कोणी, केव्हा, कोणासमक्ष काढले हे वहीत लिहिणे, हे तर साध्या कारकुनी शिस्तीचे काम आहे. चित्रण पाहण्याचा अधिकार कोणास, हाही प्रश्न आहेच. वॉचमनच्या केबिनमधील पडद्यावर आमच्या मुलीबाळींचे येणे-जाणे येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहत बसावे, हे आम्हांस मुळीच मान्य नाही.

आणि शहराचे? २०१० आणि २०१२ च्या स्फोटांनंतर पुण्याच्या चौकाचौकांत शासनाचे कॅमेरे आले, मुंबईची योजना २०१६ साली पूर्णत्वास गेली. त्यांची संख्या प्रत्येक सरकारने अभिमानाने सांगितली आहे. त्यांपैकी आज किती चालू आहेत, त्यांचे चित्रण किती दिवस राखले जाते आणि मागणाऱ्या नागरिकास ते कोणत्या मुदतीत मिळते, हे दर महिन्यास जाहीर करण्यात गुप्ततेचा प्रश्न येतो, असे आम्हांस वाटत नाही.

पाटल्यांचा तपास अद्याप लागलेला नाही. घड्याळाची चूक उघड झाल्यावर सेक्रेटरींनी त्या बाईंच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त केली. सोडलेल्या चार घरांपैकी दोघांनी त्यांना परत बोलाविले, परंतु त्या आल्या नाहीत. येत्या रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवरील तिसरा विषय आहे, 'आणखी चार कॅमेरे बसविण्यास मंजुरी देणे.' डिस्कचा उल्लेख तीत कोठेही नाही. तो घालावा असे पत्र आम्ही काल सेक्रेटरींच्या हाती दिले आहे.