वाफेच्या इंजिनांचा मेळा सांगोल्यात का नको?

सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड घ्यायला आलेला माणूस दात बघतो, खुरे बघतो, पाठीवरून हात फिरवतो आणि शेवटी म्हणतो, "जरा चालवून दावा." चालवून पाहिल्याशिवाय इसार देत नाही. जुन्या इंजिनांच्या बाबतीत मात्र आपण उलटे वागतो. त्यांना रंग देतो, चौथऱ्यावर चढवतो, भोवती साखळी लावतो आणि जतन केले असे म्हणतो. आमच्या मते हे जतन नव्हे. दावणीला बांधलेला बैल निदान रवंथ तरी करतो!

सभासद बंधू-भगिनींना वाटेल, ऊसविकास अधिकाऱ्याने लागण-खोडव्याचे बोलावे, इंजिनांचे काय काढले? पण आपला धंदाच वाफेवर चालतो. उसाचा रस काढून उरलेले चिपाड भट्टीत जाते, त्याची वाफ होते, त्या वाफेवर टर्बाईन फिरते आणि उरलेल्या वाफेवर रस आटतो. रेल्वेने वाफ सोडली, कापडगिरण्यांनी सोडली, साखर कारखान्याने नाही सोडली. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलण्याचा हक्क आपल्याला आहे.

इंग्लंडात हा प्रश्न शेतकऱ्यांनीच सोडवला, तोही पैजेच्या नादात. तिकडे रस्त्याने आपली आपण चालणारी वाफेची अवजड इंजिने असत. मळणीयंत्र फिरवायचे, ओझे ओढायचे, दोन बाजूंना दोन इंजिने उभी करून मधल्या दोराने नांगर ओढायचा, अशी त्यांची कामे. ट्रॅक्टर आल्यावर ती भंगारात निघाली. १९५० साली ॲपलफर्ड या गावी आर्थर नॅपर या शेतकऱ्याने आपले 'ओल्ड टायमर' हे इंजिन माइल्स चेटविंड-स्टेपिल्टन यांच्या 'लेडीग्रोव्ह' या इंजिनाविरुद्ध शर्यतीत उतरवले. पैज होती बिअरच्या एका पिंपाची. नॅपर जिंकला. पुढल्या वर्षी आणखी इंजिने आली, बघे आले आणि बघता बघता जत्रा भरू लागली. १९५४ मध्ये अशा इंजिनवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. डॉर्सेट परगण्यातला वाफेचा मोठा मेळा १९६९ साली सुरू झाला, तो २०२२ पर्यंत भरला.

त्या सुरुवातीच्या मेळ्यांच्या आठवणी तिकडची म्हातारी माणसे अजून काढतात. आम्हाला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वेळी इंजिने जुनी होती, पण ती चालवणारी माणसे हयात होती. ज्याने वीस सुगी मळणी केली तोच कोळशाचे फावडे हातात घेऊन उभा होता आणि बाजूला पंधरा वर्षांचे पोर बघत होते. ते पोर शिकले म्हणून पुढची सत्तर वर्षे मेळा चालला.

आता आपल्याकडे वळू. सांगोलेकरांचे इंजिन म्हणजे बार्शी लाईटचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फूट रुंदीची ही छोटी लाईन काढली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी गाव एवढी ती सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर गाठले, १९११ ला लातूर, आणि १९२७ साली पंढरपूरपासून सांगोला, जतरोड, ढालगाव, कवठे महांकाळ करत ती मिरजेला पोचली. गडी हिशेबी होता. प्रत्येक चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असा त्याने नियमच घातला. त्यामुळे हलके रूळ पुरले, खर्च वाचला आणि तरीही माल भरपूर जाऊ लागला. पहिली इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातून आली. १९५४ साली सरकारने ही कंपनी विकत घेतली.

आषाढीला या छोट्या गाडीतून वारकऱ्यांची जी गर्दी जायची तिची वर्णने घरोघरी ऐकायला मिळतात. चालत्या गाडीतून उतरून, शेतातली बोरे वेचून परत त्याच गाडीत चढल्याचेही सगळे सांगतात. स्वतः चढलेला मात्र आम्हाला अजून भेटायचा आहे. आमच्या पिढीने कॉलेजच्या वयात पाहिली ती डिझेलवरची गाडी. वाफेची आम्हाला ऐकूनच माहीत.

या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळी लाईन रुंद झाली. झाली ते उत्तमच झाले, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला सुटली. छोट्या रुळांवरून आपले डाळिंब एका दमात तिथवर गेले नसते. जुने ते सोने म्हणून कुणी खोडव्यावर खोडवा ठेवीत गेला तर आम्हीच त्याला रागावतो. प्रश्न रुळांचा नाहीच, माणसांच्या हातात असलेल्या विद्येचा आहे.

आमच्या गटातले एक निवृत्त फायरमन परवा चहाला थांबले होते. त्यांनी सहज बोलता बोलता जे सांगितले ते आम्ही कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. आग जाड नाही ठेवायची, पातळ ठेवायची आणि थोडे थोडे वारंवार घालायचे. धूर काळाकुट्ट आला म्हणजे कोळसा वाया चालला. चढ लागायच्या आधी आग तयार पाहिजे; चढावर जो फावडे शोधतो त्याची गाडी तिथेच बसते. पाणकाचेवर एक डोळा कायम, कारण पाणी फार उतरले तर बॉयलर जिवावर उठतो. आणि आमच्या या कोरड्या मुलखात कुठल्या स्टेशनचे पाणी बॉयलरला चांगले आणि कुठल्या पाण्याने नळ्यांना खार धरतो, हे त्यांना आजही पाठ आहे. विहिरीच्या पाण्याची तपासणी आम्ही प्रयोगशाळेतून करून आणतो, त्यांना इंजिनानेच ती शिकवली होती.

१९७० साली विशीत कामाला लागलेला फायरमन आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. हिशेब सभासदांनीच करावा. ॲपलफर्डच्या लोकांना जी संधी १९५० साली होती ती आपल्याला आणखी थोडीच वर्षे आहे. बंद पडलेले इंजिन पुन्हा चालवता येते याला पुरावा पाहिजे तर 'फेअरी क्वीन' बघा. हेही लीड्सच्या किटसनचेच, १८५५ सालचे. ते १९९७ मध्ये दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावले. लोखंड दुरुस्त होते हो, आठवण दुरुस्त होत नाही.

काही सभासद म्हणतील, उसाच्या बिलाचे बोला, जत्रा कसली भरवता? रास्त आहे. बिल आधी. आम्ही कारखान्याच्या तिजोरीतून पैसा मागतच नाही. एक दिवस मागतो. बॉयलर अग्निप्रदीपनाला आपण जमतोच, त्याच दिवशी दुपारी हा मेळा भरवावा. कुणाच्या मळ्यात जुना वाफेचा पंप असेल, कुणाकडे गुऱ्हाळाचा लाकडी चरक, कुणाकडे विहिरीवरचे जुने ऑईल इंजिन, तर ते घेऊन यावे आणि चालवून दाखवावे. वाफेचे यंत्र मात्र कुणी उत्साहाच्या भरात घरी पेटवू नये. तपासणी आणि दाखला नसताना बॉयलर पेटवणे कायद्याने गुन्हा आहे आणि अकलेनेही. दाखलेधारक बॉयलर अटेंडंट कारखान्याकडे आहेत. त्यांनी पाहून हो म्हटले तरच अग्नी द्यायचा. नाहीतर तो पंप नुसता उघडून, आतले भाग दाखवून समजावला तरी पोरांना पुष्कळ कळेल.

आणि इंजिन एकही आले नाही तरी माणसे यावीत. बार्शी लाईटवर फायरमन, ड्रायव्हर, पॉइंटमन, गँगमन म्हणून राबलेली, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात हातोडा मारलेली, बांधकाम खात्याच्या वाफेच्या रोलरवर बसलेली. त्यांना खुर्ची द्यावी, शाल-नारळाचे भाषण आवरते घ्यावे आणि आयटीआयच्या मुलांना समोर बसवून प्रश्न विचारू द्यावेत. मोबाईलवर सगळे भरून घ्यावे. एवढे तरी ते यंत्र कामाला येऊ दे.

गटऑफिसात यासाठी एक वही ठेवली आहे. नाव, गाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत कोणते काम केले, एवढेच लिहायचे. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्या नातवांनी लिहून द्यावे. ऊसनोंदीला आमचे फिल्डमन बांधावर येतातच, त्यांच्याजवळ सांगितले तरी चालेल.